गिअरबॉक्स बोल्टने ओढू नये

वाहनदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : माझा सहा चाकी ट्रक वाडी ते अकोला या मार्गावर किराणा मालाची वाहतूक करतो. दुसरा गिअर टाकताना खरखर होऊ लागल्याने गेल्या महिन्यात गिअरबॉक्स उतरवून सिंक्रोनायझर (गिअरांचे वेग जुळवणारा भाग) बदलून घेतला. क्लच प्लेट व प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी तबकडी) आठच महिन्यांपूर्वी नव्या टाकल्या होत्या, म्हणून त्याच परत बसवल्या. गिअरबॉक्स चढवताना साधारण अर्ध्या इंचाची फट राहून तो अडला. तेवढ्यात पावसाची जोरदार सर आली, म्हणून मिस्त्रींनी दोन बोल्ट लावून काम थांबवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बोल्ट आवळून फट बंद केली. तेव्हापासून क्लच पूर्ण दाबला तरी पहिला गिअर घासत पडतो, रिव्हर्स तर पडतच नाही, आणि सिग्नलवर क्लच दाबून उभे असताना गाडी हळूहळू पुढे सरकते. क्लचमधली हवा दोनदा काढली. आता क्लच बूस्टर (हवेच्या दाबाने पेडलचा जोर वाढवणारा भाग) बदलावा लागेल असे सांगण्यात येत आहे. तो बदलावा काय? (एक ट्रकमालक, वाडी)

उत्तर : बूस्टर तूर्तास विकत घेऊ नये. आपण सांगितलेल्या तिन्ही लक्षणांचा अर्थ एकच निघतो, तो असा की पेडल दाबल्यावर क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या मागच्या जड चाकापासून) पूर्णपणे सुटत नाही. ती न सुटण्याचे कारण क्लचच्या बाहेर असू शकते तसे आतही असू शकते. परंतु आपल्या पत्रात जी गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात, म्हणजे अर्धा इंच फट राहिलेला गिअरबॉक्स दोन बोल्टांवर रात्रभर टांगून ठेवणे आणि सकाळी तो बोल्टने ओढून घेणे, तिच्याकडे पाहता बूस्टर बदलणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होईल.

तरीही अंदाजावर गिअरबॉक्स पुन्हा उतरवू नये. आधी दोन तपासण्या कराव्यात, ज्यांना मिळून तासभरही लागत नाही. पहिली तपासणी बूस्टरची. हवेच्या टाकीत पूर्ण दाब भरलेला असताना पेडल तळापर्यंत दाबायला सांगून बूस्टरचा दांडा किती बाहेर सरकतो ते पट्टीने मोजावे आणि तो आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावा. बूस्टर काढून लोंबकळत ठेवलेला असताना कोणी चुकून पेडल दाबले असेल, तर पिस्टन जागेवरून बाहेर येऊन त्याचे सील दुमडलेले असू शकते, आणि मग दांड्याची चाल कमी भरते. चाल पूर्ण भरत असेल, तर बूस्टरवरचा संशय तिथेच संपतो.

दुसरी तपासणी क्लच हाउसिंगच्या तळाशी असलेले झाकण उघडून करायची. इंजिन बंद असावे, बॅटरीची तार काढलेली असावी, चाकांना अडसर लावलेले असावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये असावा. मदतनिसाने पेडल दाबून धरले असताना विजेरीच्या उजेडात प्लेटच्या दोन्ही बाजूंची फट पाहावी, आणि प्लेट थोडी थोडी फिरवून ती पुन्हा पुन्हा पाहावी. फट सगळीकडे सारखीच अपुरी असेल, तर दोष चालीचा आहे. प्लेटचा एक भाग फ्लायव्हीलला टेकलेला आणि त्याच्या बरोबर समोरचा भाग प्रेशर प्लेटला टेकलेला दिसत असेल, तर प्लेटचा हब (मधला भाग, ज्यात शाफ्ट शिरतो) वाकलेला आहे. आपल्या गाडीत दुसरा प्रकार आढळेल असा माझा कयास आहे.

हब वाकतो कसा, हे समजून घेतले म्हणजे पुढचे काम आपोआप सावधपणे होते. गिअरबॉक्सच्या तोंडातून बाहेर येणारा इनपुट शाफ्ट आधी क्लच प्लेटच्या हबमधील स्प्लाइनमध्ये (दात्यांच्या खाचांमध्ये) शिरतो आणि त्याचे टोक सर्वांत शेवटी फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसवलेल्या पायलट बेअरिंगमध्ये जाते. हाउसिंगच्या दोन कडा जोपर्यंत एकमेकींना चिकटत नाहीत, तोपर्यंत गिअरबॉक्सचा भार पेलण्याची जबाबदारी जॅकची असते. जॅक काढून घेतला किंवा तो खचला, की शंभर-सव्वाशे किलोंपासून तीनशे किलोंपर्यंत वजनाचा तो सांगाडा इनपुट शाफ्टच्या लांबीचा तरफेसारखा उपयोग करून सगळा भार प्लेटच्या हबवर टाकतो. प्लेटची कड तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट पकडलेली असते; तिला हलता येत नाही, म्हणून मधला हब कलतो.

हा कल डोळ्यांना दिसत नाही, इतका तो लहान असतो. प्लेटचा व्यास ३८० मिलिमीटर धरला, तर हब अंशाच्या एक तृतीयांशाने कलला तरी कडेला एक मिलिमीटरचा डोल येतो. पेडल पूर्ण दाबल्यावर प्रेशर प्लेट जेमतेम दीड-दोन मिलिमीटर मागे सरते, त्यातही काही चाल दोन अस्तरांच्या मधल्या वळणदार पत्र्या फुलण्यात जाते आणि उरलेली फट दोन बाजूंना वाटली जाते. एवढ्या तुटपुंज्या जागेत एक मिलिमीटरने डोलणारी प्लेट कुठेतरी घासणारच, आणि ती घासत राहिली की इनपुट शाफ्ट फिरत राहतो. रिव्हर्स गिअरला बहुतेक ट्रकांत सिंक्रोनायझर नसतो, त्यामुळे तो सर्वांत आधी तक्रार करतो. हवा कितीही वेळा काढली तरी यात फरक पडणार नाही.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातूनही हेच घडले आहे. वीज गेली म्हणून संध्याकाळी गिअरबॉक्स तीन बोल्टांवर सोडून मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी वस्तादांनी माझ्याकडून तो एकट्याने पुन्हा उतरवून घेतला. आपल्या नागपुरात या चुकीला ऋतूही साथ देतो: नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दुपारी लोखंडाला हात लावता येत नाही म्हणून काम अर्धवट राहते, आणि पावसाळ्यात रस्त्याकडेच्या काळ्या मातीत जॅकचा पाय बोटभर रुतला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. जॅकखाली जाड फळी किंवा लोखंडी पत्रा टाकणे, आणि एकदा शाफ्ट हबमध्ये शिरला की काम पूर्ण झाल्याशिवाय न थांबणे, किंवा थांबावेच लागले तर गिअरबॉक्स पुन्हा मागे ओढून प्लेटमधून बाहेर काढून ठेवणे, हे दोन नियम पाळले तर अशी निम्मी दुरुस्ती टळेल.

आता गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला, तर काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने बसवावे, ते सांगतो. प्रेशर प्लेट सोडण्यापूर्वी ती आणि फ्लायव्हील यांच्यावर समोरासमोर पंचने खूण करावी, कारण जुनीच प्रेशर प्लेट परत बसवायची असेल तर ती त्याच जागी बसली पाहिजे. अन्यथा समतोल बिघडून थरथर येऊ शकते. तिचे बोल्ट एकेक करून पूर्ण सोडू नयेत, तर समोरासमोरचे बोल्ट एक-दोन फेऱ्यांनी आळीपाळीने सैल करावेत, म्हणजे आतल्या स्प्रिंगचा दाब एका बाजूने सुटून आवरण वाकणार नाही. परत आवळतानाही हीच पद्धत ठेवावी आणि शेवटची आवळणी टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे करावी. दहा मिलिमीटरच्या ८.८ दर्जाच्या बोल्टला साधारणपणे ४५ ते ५० न्यूटन मीटर लागतात, म्हणजे लांब पान्यावर पाइप चढवून लावायचा तो जोर मुळीच नव्हे.

वाकलेली प्लेट ठोकून सरळ करण्याच्या फंदात पडू नये. ती टाकून द्यावी, मग ती आठ महिन्यांची असो की आठ दिवसांची. प्रेशर प्लेटची डायफ्रामची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे एका पातळीत आहेत का आणि तिचा घासणारा पृष्ठभाग निळा पडला आहे का किंवा त्याला बारीक तडे गेले आहेत का, ते पाहून तिचा निर्णय करावा. पायलट बेअरिंग मात्र विचार न करता बदलावे. आपला गिअरबॉक्स ज्या अर्ध्या इंचावर अडला, तिथे शाफ्टचे टोक बहुधा याच बेअरिंगच्या कडेला टेकलेले होते, आणि बोल्ट आवळल्यावर तो धक्का त्यानेच खाल्ला. फ्लायव्हीलवर खोल चरे असतील तर ते लेथवर साफ करता येते. परंतु ज्या फ्लायव्हीलला पायरी असते, त्यात घासणारा पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट जिथे बसते तो पृष्ठभाग, हे दोन्ही सारख्याच मापाने उतरवावे लागतात, नाहीतर प्लेटवरचा दाब बदलतो. गिअरबॉक्स खाली आहे तोवर क्रँकचे मागचे ऑइल सील आणि इनपुट शाफ्टचे पुढचे ऑइल सील बोटाने चाचपून पाहावे. ओलसर असेल तर आत्ताच बदलावे.

नवी प्लेट बसवताना तिच्यावर कोरलेले वाचावे. बहुतेक प्लेटांवर फ्लायव्हीलची बाजू कोणती हे इंग्रजीत लिहिलेले असते, आणि काहींवर 'गेट्रीबेझाइटे' हा जर्मन शब्द असतो, ज्याचा अर्थ गिअरबॉक्सची बाजू असा होतो. सर्वसाधारणपणे हबचा फुगीर, स्प्रिंगांचा भाग गिअरबॉक्सकडे येतो, पण या सवयीपेक्षा प्लेटवरच्या अक्षरांवर विश्वास ठेवावा. उलटी बसलेली प्लेट फ्लायव्हीलच्या बोल्टांच्या डोक्यांना घासते आणि तीच तीन लक्षणे दाखवते, जी आज आपली गाडी दाखवत आहे. म्हणून प्लेट काढण्यापूर्वी ती कोणत्या बाजूने बसवलेली होती तेही पाहून ठेवावे. प्रेशर प्लेट आवळण्यापूर्वी प्लेट मध्यावर आणण्यासाठी डमी शाफ्ट (इनपुट शाफ्टच्या मापाचा नकली दांडा) वापरावा. तो नसेल, तर त्याच जातीच्या भंगारात गेलेल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट याच कामासाठी जपून ठेवावा. नजरेने मधोमध बसवलेली प्लेट बहुतेक वेळा दोन-तीन मिलिमीटर खाली उतरलेली असते आणि तिथेच गिअरबॉक्स अडतो.

प्रत्यक्ष चढवताना सर्वांत मोठी मदत दोन मार्गदर्शक दांड्यांची होते. हाउसिंगच्या बोल्टांच्याच आट्यांचे दोन लांब बोल्ट घेऊन त्यांची डोकी कापावीत, टोकाला स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच करावी आणि ते फ्लायव्हील हाउसिंगला वरच्या बाजूला डावी-उजवीकडे हाताने बसवावेत. गिअरबॉक्स या दांड्यांवर सरकत पुढे आला की तो बाजूला ढळत नाही. भार मात्र जॅकनेच पेलावा, दांड्यांनी नव्हे. ज्या गाड्यांत इंजिनाच्या मागच्या टोकाचा भार गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर असतो, त्यांत इंजिनाखालीही टेकू द्यावा, कारण गिअरबॉक्स निघाल्यावर ते टोक खाली झुकते आणि दोघांचे कोन जुळत नाहीत. चारही बाजूंची फट पट्टीने मोजत राहावी: वर पंधरा आणि खाली वीस मिलिमीटर भरत असतील, तर जोर लावून उपयोग नाही, जॅक वर-खाली करून कोन सुधारला पाहिजे. स्प्लाइनचे दाते जुळत नसतील तर गिअर टाकून मागची फ्लँज (चाकांकडे जाणारा दांडा जोडण्याची चकती) हाताने किंचित फिरवावी. हाउसिंगच्या कडेवर माती, जुन्या रंगाचा पोपडा किंवा एखादी वायर अडकली आहे का तेही पाहावे. एवढे झाल्यावर गिअरबॉक्स हाताच्या रेट्याने कडेला कड लागेपर्यंत सरकला पाहिजे आणि त्यानंतरच बोल्ट लावले पाहिजेत. बोल्टाचे काम बसलेला गिअरबॉक्स धरून ठेवण्याचे आहे; न बसलेल्याला ओढून आणण्याचे नाही.

बोल्ट आवळून बूस्टर जोडल्यावर, परंतु प्रोपेलर शाफ्ट जोडण्यापूर्वी, गिअर टाकून मागची फ्लँज हाताने फिरवून पाहावी. पेडल मोकळे असताना ती अडकलेली असावी आणि मदतनिसाने पेडल पूर्ण दाबताच ती सहज फिरावी. टाकीत हवा नसेल तर पेडल फार जड लागेल, पण तपासणी होते. या वेळी फ्लँज अडखळत फिरली, तर दोष अजून आत आहे आणि तो कळण्यासाठी गाडी रस्त्यावर नेण्याची गरज पडली नाही, एवढे समाधान तरी मिळेल.

प्रश्न : गिअरबॉक्स चढवल्यानंतर तीनच दिवसांत गाडी उचलताना क्लच थरथरू लागला आणि चढावर जळका वास येऊ लागला. सर्व भाग नवे आहेत. स्प्लाइनला भरपूर ग्रीस लावले होते आणि फ्लायव्हील डिझेलने स्वच्छ धुतले होते. (एक वाचक, कामठी रोड)

उत्तर : आपण केलेली दोन्ही कामे चांगल्या हेतूने केलेली आहेत आणि दोन्ही चुकलेली आहेत. डिझेल मळ काढते, परंतु स्वतःचा तेलकट थर मागे ठेवून जाते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांचे घासणारे पृष्ठभाग थिनरने किंवा ब्रेक क्लीनरने पुसावेत, मग त्यांना उघड्या बोटांनी स्पर्शही करू नये. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून कारखान्यात लावलेला थर असेल तर तोही याच वेळी पुसून निघाला पाहिजे. आतली जुनी धूळ मात्र हवेच्या पाइपाने उडवू नये; जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

स्प्लाइनला ग्रीस लागते, पण ते फक्त हरभऱ्याच्या दाण्याएवढे. शाफ्टवर बोटाने त्याचा पातळ थर द्यावा, प्लेट त्यावर पुढे-मागे सरकवावी आणि हबच्या तोंडाशी जमा झालेले सगळे ग्रीस पुसून टाकावे. जास्तीचे ग्रीस फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जाऊन थेट अस्तरांवर जाते. तांब्याची पूड मिसळलेले ग्रीस इथे वापरू नये, आणि हबवर निकेलचा चकचकीत मुलामा असेल तर ग्रीस लावूच नये. तेल किंवा ग्रीस मुरलेले अस्तर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश कागदाने घासून पूर्ववत होत नाही. गरम झाले की ते पुन्हा पाझरते. प्लेट बदलावीच लागेल. तत्पूर्वी ऑइल सील कोरडे असल्याची खात्री करून घ्यावी, कारण दोष ग्रीसचा नसून सीलचा असेल तर नवी प्लेटही आठवड्यात त्याच वाटेने जाईल.

प्रश्न : मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा अभ्यासक्रम शिकत आहे. गिअरबॉक्स बसवताना तो न्यूट्रलमध्ये ठेवावा की गिअरमध्ये, याबद्दल कारखान्यात दोन मते ऐकली. (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : गिअरमध्ये ठेवावा. न्यूट्रलमध्ये मागची फ्लँज फिरवली तर इनपुट शाफ्ट तिच्याबरोबर फिरेलच असे नाही, आणि हाउसिंगच्या आत हात घालून तो फिरवता येत नाही. गिअर पडलेला असला म्हणजे फ्लँज हलवताच स्प्लाइनचे दाते हबच्या खाचांशी जुळवता येतात. वरचा गिअर निवडावा. पहिल्या गिअरमध्ये फ्लँज थोडी हलवली तरी इनपुट शाफ्ट फार फिरतो आणि दाते जुळण्याची जागा निसटून जाते. गिअरबॉक्स बसल्यावर तो न्यूट्रलमध्ये आणण्यास विसरू नये. न्यूट्रल मानणाऱ्यांचा आक्षेप बहुधा एवढाच असतो, आणि तो रास्त आहे.

प्रश्न : आमच्या दोन ट्रकांचे गिअरबॉक्स एकाच आठवड्यात उतरवून चढवले. एकात पेडल दाबले की कर्कश आवाज येतो, दुसऱ्यात पेडल सोडले की घरघर येते. दोन्हींचे रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) बदलावे काय? (एक वाहतूक व्यवस्थापक, बुटीबोरी)

उत्तर : पहिल्याचे बदलावे, दुसऱ्याचे नाही. पेडल दाबल्यावर भार रिलीज बेअरिंगवर येतो, म्हणून तेव्हाच सुरू होणारा आवाज त्याचा किंवा त्याला ढकलणाऱ्या फोर्कच्या कोरड्या टेकूचा असतो. बेअरिंग डिझेलमध्ये बुडवून धुतले होते का, ते विचारून पाहावे. त्यातले ग्रीस कायमचे बंद करून दिलेले असते आणि धुतले की ते निघून जाते. ज्या ट्रकांत क्लच ओढून सुटतो, ढकलून नव्हे, त्यांत बेअरिंग प्रेशर प्लेटच्या कड्यात 'टक' असा आवाज होऊन अडकले पाहिजे. ते अर्धवट अडकले असेल तर पेडल दाबताच किंचाळते आणि काही दिवसांत निसटते. दुसऱ्या ट्रकात न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर इनपुट शाफ्ट फिरू लागतो आणि त्याच वेळी घरघर सुरू होते, म्हणजे आवाज गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा आहे. तो उघडण्यापूर्वी गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी पाहावी, कारण उतरवताना काढलेले तेल परत भरायचे राहून जाणे ही गोष्ट जितकी हास्यास्पद वाटते, तितकी दुर्मीळ नाही.